ऑगस्टचे पान

जून महिना आला की पूर्वी आमच्या घरी एक लहानसा समारंभ होत असे. मुलीची नवी पुस्तके आणावयाची, रात्रीची जेवणे आटोपल्यावर सतरंजी पसरावयाची, आणि खाकी कागद, कात्री व डिंकाची बाटली घेऊन मी पुस्तकांना वेष्टणे घालीत बसावयाचे. मुलगी आता मोठी झाली आणि तो समारंभ संपला. यंदा शेजारचा मुलगा आपली नवी पुस्तके मला दाखवावयास घेऊन आला, तर त्या साऱ्यांना दुकानातूनच पारदर्शक प्लॅस्टिकची झबली चढवून आणलेली! काम दोन मिनिटांचे, दिसावयास स्वच्छ, पावसाचे भय नाही. त्याविरुद्ध बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नाही, आणि जुने तेवढे सोने म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसण्याची मला हौसही नाही. तरी तो मुलगा गेल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. चौथीत असताना माझ्या गणिताच्या पुस्तकाला मी एक वेष्टण घातले होते. ते मी घालावयास नको होते.

१९७९ सालच्या ऑगस्टात वाईला आमची आजी गेली. तार मुंबईला आली, आणि रात्रीच्या एस्. टी. ने आम्ही सारे निघालो. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पोहोचलो तेव्हा सर्व उरकले होते. मला आठवतो तो ओसरीवर बसलेल्या माणसांचा घोळका, आणि त्यांच्या मध्ये, भिंतीकडे पाठ करून, पण टेकून न बसता, ताठ बसलेले तात्या. तात्या म्हणजे आमचे आजोबा. आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकविलेला तो मनुष्य. कोणत्याही प्रसंगी पाठ वाकवणे हे त्यांना उत्तर चुकण्यासारखे वाटे. त्याच महिन्याच्या ११ तारखेस गुजरातेत मच्छू नदीवरील धरण फुटून मोरवी गाव बुडाले होते, आणि समाचारास येणारी मंडळी दुसरे काय बोलावे हे न सुचून त्याविषयीच बोलत. आमच्या उशाशीही धोमचे धरण आहे, असे कोणी तरी म्हणे, मग सगळे हूं हूं करीत, आणि पुन्हा शांतता पडे. तात्या कशातच भाग घेत नसत. कृष्णा मात्र वाड्यामागून दुथडी भरून वाहत होती. तिचा आवाज त्या शांततेत एरव्हीपेक्षा मोठा ऐकू येई.

तेराव्यानंतर प्रश्न निघाला तो तात्यांचा. मुंबईची आमची जागा दोन खोल्यांची. पण जागा मोठी असती तरी ते आले असते असे मला वाटत नाही. "मी इथंच बरा आहे," एवढेच ते म्हणाले. ढोल्या गणपतीचा घाट, संध्याकाळची ठरलेली पायरी, विश्वकोशाच्या कचेरीत काम करणारे दोघे-तिघे स्नेही, आणि चाळीस वर्षांचे ते घर, हे सोडून ते गिरगावात येऊन कोणत्या खिडकीशी बसणार? पण एकट्याने त्यांना ठेवावयाचे कसे? मोठ्या माणसांची दोन रात्री खलबते झाली, आणि त्यांतून जो निकाल लागला तो म्हणजे मी. 'सोबतीला' म्हणून मला वाईस ठेवावयाचे ठरले. तेथल्याच शाळेत नाव घालावयाचे, शेजारच्या वहिनी पोळ्या करून पाठवतील, भात-पिठले तात्यांना येत होते. नऊ वर्षांचा पोरगा सत्तरीतल्या माणसाला कसली सोबत करणार, हे कोणी विचारले नाही. आई जाताना रडली. मी रडलो नाही, कारण मला एक पदवी मिळाली होती आणि तिचा मला थोडा गर्वही होता.

सोबत कशाला म्हणतात ते मला पहिल्याच आठवड्यात कळले. तात्या पहाटे चारला उठत. अंधारात त्यांचा आवाज आला, "ऐकलंस का?"

मी जागा झालो आणि म्हणालो, "काय?"

पलीकडे काही क्षण काहीच नाही. मग ते म्हणाले, "काही नाही. नीज."

त्यांनी हाक कोणाला मारली होती हे मला तेव्हा कळले नाही. जुन्या पिढीतील नवऱ्यांप्रमाणे त्यांनी आजीला नावाने कधीच हाक मारली नव्हती. 'ऐकलंस का' हेच तिचे नाव. आजी 'हं' म्हणे, आणि मग पाणी तापले का, धोतर कोठे आहे, असा पुढचा मजकूर निघे. आता ती गेल्यावर त्या हाकेला घरात धनीच उरला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा आली, मी पुन्हा "काय?" म्हटले. असे चार-पाच दिवस झाले असतील. सहाव्या दिवशी मी "काय?" म्हटल्यावर ते म्हणाले, "पाणी तापत ठेवतो. तू तोंड धुऊन घे." त्या दिवसापासून 'ऐकलंस का' हे माझे नाव झाले. मला माझे स्वतःचे नाव होते, आणि ते त्यांनीच ठेवलेले होते; पण त्या घरात राहिलो तोवर त्यांनी मला त्या नावाने क्वचितच हाक मारली असेल.

स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या अंगाला खिळ्यावर 'कालनिर्णय' टांगलेले असे. ती दिनदर्शिका १९७३ पासून निघू लागलेली. आमच्या आजीने ती पहिल्यापासूनच घरात आणली होती. तिच्या खिळ्याला दोऱ्याने पेन्सिलीचा एक तुकडा बांधलेला असे. आजी चौथीपर्यंत शिकलेली, पण तिचा सारा संसार त्या चौकोनांत मांडलेला होता. गवळ्याने दूध किती घातले ते रोजच्या चौकोनात. लिटरचे माप येऊन कितीतरी वर्षे झाली होती, पण आजी शेरच म्हणे. एक शेर म्हणजे एक, दीड म्हणजे एकावर दोन उभ्या रेघा, आणि गवळी आलाच नाही तर फुली. कोठे 'रॉकेल', कोठे 'वाती संपल्या'. एका चौकोनात बारीक अक्षरात 'मुंबईचे पत्र' असे होते. ते पत्र माझे होते. आणि गणेशचतुर्थीच्या चौकोनात 'नारळ ५' असे तिने आधीच लिहून ठेवले होते. त्या वर्षी सुतकामुळे आमच्या घरी गणपती बसला नाही.

ती १८ तारखेस गेली. दुधाचे आकडे १७ पर्यंत होते. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस गवळी पैसे न्यावयास आला आणि ओसरीवर उभा राहून संकोचाने म्हणाला, "आजींनी मांडलं असंल तिथवर बगा, म्होरलं मी सांगतो." तात्या आत गेले, भिंतीपुढे उभे राहिले, आणि बोटाने एकेक चौकोन मोजू लागले. बेरीज करावयास त्यांना इतका वेळ लागलेला मी प्रथमच पाहिला. वर्गात तीन-तीन आकडी गुणाकार तोंडी करणारा तो मनुष्य! बाहेर येऊन त्यांनी पैसे दिले. पुढचे दिवस गवळ्याने सांगितले तसे धरले. पान त्यांनी उलटले नाही. सप्टेंबर सरत आला तरी आमच्या स्वयंपाकघरात ऑगस्टच होता.

आता माझ्या पराक्रमाकडे वळतो. नव्या शाळेतले गुरुजी शिस्तीचे होते. सोमवारी ज्याच्या पुस्तकाला वेष्टण नसेल त्याने अंगठे धरून उभे राहावे, असा त्यांचा हुकूम सुटला. तात्यांकडे खाकी कागदाला पैसे मागावेत, तर ते त्या दिवशी दुपारपासून माजघरात अंधारात बसलेले. त्यांना हाक मारण्याचे मला धैर्य झाले नाही. आणि माझी नजर भिंतीकडे गेली. महिना उलटून गेलेला, कागद जाड आणि गुळगुळीत, आकार अगदी बेताचा. जुन्या महिन्याचा कोणाला काय उपयोग? उलट सप्टेंबरचे पान वर आले म्हणजे तिथी-वार पाहावयास तात्यांनाच बरे पडेल, असा परोपकारी विचारही माझ्या मनात आल्याचे मला स्पष्ट आठवते. स्टुलावर चढून मी पान फाडले. आडवे धरून गणिताच्या पुस्तकाला घातले. अर्धा महिना पुढच्या पुठ्ठ्यावर आला, अर्धा मागच्या, आणि कडेचे आठवडे आतल्या दुमडीत गेले.

रात्री जेवताना तात्यांनी भिंतीकडे पाहिले. मी पिठले-भात खात होतो. त्यांनी हात धुतले, दिवा घेतला, माझ्या दप्तरापाशी गेले, आणि परत येऊन नुसते बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "कव्हर छान घातलंस. कोपरे नीट दुमडलेस." मी खूश झालो.

त्यानंतर रोज संध्याकाळी, घाटावरून परत आल्यावर, त्यांची हाक येऊ लागली, "ऐकलंस का? गणिताचं पुस्तक आण." चौथीच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मला बसवावयाचे, असे त्यांनी जाहीर केले होते. मी उदाहरण सोडवीत असे, आणि ते पुस्तक हातात धरून बसत. आतले उदाहरण मला सांगून झाले की पुस्तक मिटत, पुढचा पुठ्ठा पाहत, मागचा पाहत, दुमड अंगठ्याने किंचित उचलून पाहत. मला वाटे, माझा पुस्तक वापरण्याचा नीटनेटकेपणा तपासला जात आहे. आणि मी तर नीटनेटका मुळीच नव्हतो. चिंचेचे डाग पडले. दहा, वीस आणि तीस यांच्या पूज्यांना मी पेन्सिलीने डोळे आणि मिशा काढल्या. नवाच्या आकड्याला कान आणि पाय जोडून त्याचा हत्ती केला. हत्ती दिसला त्या दिवशी तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुस्तकावर चित्रं काढू नयेत." आवाज चढलेला नव्हता. पण मी पुन्हा काढली नाहीत. त्या वर्षी माझे गणित जे सुधारले, त्याचे श्रेय कोणाला द्यावयाचे ते आता वाचकांनीच ठरवावे.

डिसेंबरात साखर पुन्हा नियंत्रणाखाली आली आणि शिधापत्रिकेला महत्त्व चढले. तात्या मला घेऊन कचेरीत गेले. "गेलेल्या माणसाची साखर आपल्याला नको," असे त्यांनी वाटेत सांगितले. रांग मोठी होती. आमची पाळी आली तेव्हा कारकुनाने मान वर न करता विचारले, "कमी कोणाला करायचं? नाव सांगा."

तात्या उभेच. कारकुनाने मान वर केली. मागची माणसे चुळबुळू लागली. ज्या मनुष्याने लग्नाच्या पंक्तीत उखाण्यात एकदा घेतले असेल तेवढेच, त्यानंतर चाळीस-बेचाळीस वर्षांत ते नाव तोंडातून काढले नव्हते, त्याला ते प्रथम अशा ठिकाणी उच्चारावयाचे होते. तात्या खाली वाकले आणि त्यांनी माझ्या कानात ते सांगितले. मी टाचा उंचावून मोठ्याने ते कारकुनाला सांगितले. आजीला आजीखेरीज आणखी एक नाव असेल हे तोवर माझ्या ध्यानीही आले नव्हते. नाव सुंदर होते; येथे ते मी लिहीत नाही. कारकुनाने त्यावर तांबड्या शाईची रेघ ओढली, आणि "वाढवायचं कोणाला?" असे विचारून त्याच्याच खाली माझे नाव घातले. परत येताना मंडईजवळ तात्यांनी मला पेरू घेऊन दिला. त्या काळी ते बाहेरचे काही खाऊ देत नसत, म्हणून हे लक्षात राहिले.

फेब्रुवारीच्या १६ तारखेस, १९८० साली, मोठे सूर्यग्रहण झाले. खग्रास पट्टा कर्नाटक-आंध्रातून गेला. आमच्याकडे ते खंडग्रास होते, पण सूर्याचा पुष्कळसा भाग झाकला जाणार होता. दुपारपासून रस्ते ओस पडले. दारे-खिडक्या बंद करून लोक घरात बसले. आमच्या घरी मात्र उत्सव होता. ग्रहण म्हणजे नुसती सावली, हे तात्यांनी शेकडो मुलांना शिकविलेले. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहावयाचे नाही, एवढीच ताकीद देऊन त्यांनी पुठ्ठ्याला दाभणाने भोक पाडले, आणि माजघराच्या भिंतीवर मला सूर्याचे बिंब दाखविले. पुढे तर पुठ्ठ्याचीही गरज उरली नाही. कौलांच्या फटींतून जे कवडसे पडत ते सारे चंद्रकोरीसारखे झाले. जमिनीवर, पाटावर, तात्यांच्या सदऱ्यावर, सगळीकडे लहान लहान कोरी. मी त्या ओंजळीत धरावयास धावू लागलो, आणि तात्या हसले. आजी गेल्यानंतर ते हसल्याचे मला आठवते ते हे पहिलेच.

पाणी प्यावयास म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. दुधाच्या पातेल्यावर, पाण्याच्या कळशीवर, पिठाच्या डब्यावर, लोणच्याच्या बरणीवर एकेक तुळशीचे पान ठेवलेले होते. वहिनी त्या दिवशी आल्या नव्हत्या. घरात आम्ही दोघेच.

आजी हयात असताना ग्रहणे झाली की या पानांवरून त्या घरात वाद होई. मी सुट्टीत आलो असताना एकदा तो ऐकलाही होता. "चार पानांनी काय होतं?" असे तात्या विचारीत, आणि आजी उत्तर न देता पाने ठेवीत जाई. मी बाहेर येऊन विचारले, "तात्या, हे सगळं खोटं आहे असं तुम्हीच म्हणता ना?"

"हो," ते म्हणाले. भिंतीवरची कोर आता भरत चालली होती. तिच्याकडे पाहत ते थोड्या वेळाने म्हणाले, "चार पानांनी काय बिघडतं?"

इंग्रजी विलापिका शिकविण्यात माझी हयात गेली. टेनिसन या कवीने मित्र गेल्यावर सतरा वर्षे आपल्या शोकाची कडवी रचली आणि १८५० साली ती छापली, हे मी दरवर्षी मुलांना सांगतो, आणि मुले ते उतरून घेतात. त्या काव्याची थोरवी मला पटते. पण ते शिकविताना माझ्या मनात पुष्कळदा पिठाचा डबा येतो, त्यावरचे पान येते, आणि मी पुढचे कडवे घेतो. असो.

मे महिन्यात निकाल लागला. जुनी पुस्तके निम्म्या किमतीस खालच्या वर्गातील मुलांस विकण्याची तेव्हा पद्धत होती. गणिताचे पुस्तक मी काढले, तर त्याला नवे कोरे खाकी वेष्टण चढविलेले! चांगली किंमत यावी म्हणून तात्यांनी घातले असणार, असे मी समजलो. चिंचेचे डाग गेले, मिशा गेल्या, हत्ती गेला. पुस्तक खरेच चांगल्या भावाने गेले. त्यानंतरच्या जूनपासून माझ्या पुस्तकांसाठी खाकी कागद तात्या आधीच आणून ठेवू लागले. न मागता. आणि 'गणिताचं पुस्तक आण' ही हाक पाचवीत आली नाही. मला सुटल्यासारखे वाटले. थोडे वाईटही वाटले, ते का हे कळण्याचे माझे वय नव्हते.

सातवीनंतर मी मुंबईस परत गेलो. तात्या १९८८ साली गेले. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, आणि घर आवरण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांच्या ट्रंकेत निवृत्तिवेतनाचे कागद, घराच्या करपट्टीच्या पावत्या, जुनी प्रशस्तिपत्रे, सारे तारखेवार लावलेले. त्याच्या तळाशी घडी केलेले ऑगस्टचे पान होते. माझ्या पुस्तकाच्या आकाराच्या दुमडी त्यावर तशाच होत्या. चिंचेचे डाग होते. दहा, वीस, तीस मिशांसकट माझ्याकडे पाहत होते. गणेशचतुर्थीच्या चौकोनात पाच नारळ होते.

हत्ती मात्र नव्हता. नवाच्या चौकोनात नुसता एक करडा फराटा होता. मी पान उजेडात धरले तेव्हा काय घडले असावे ते ध्यानात आले. तात्यांनी माझी चित्रे रबराने पुसावयास घेतली असावीत, आणि प्रथम हत्ती घेतला असावा. पण माझी पेन्सिल ती पेन्सिल, आणि आजीची पेन्सिल तीही पेन्सिल. रबराला त्यांतला भेद काय कळणार? हत्तीबरोबर खालचा दुधाचा आकडाही निघून गेला. तेथेच त्यांनी रबर खाली ठेवले असले पाहिजे, कारण पुढच्या मिशांना त्यांनी हात लावला नाही.

त्या वेळी ते पान त्यांनी माझ्याकडून काढून का घेतले नाही, हा विचार मी नंतर पुष्कळदा केला आहे. खाकी कागद दोन आण्यांना मिळत होता. पण काढून घेतले असते तर का काढले हे सांगावे लागले असते, आणि ते त्यांना सांगावयाचे नव्हते. मला की स्वतःला, हे मी ठरवू शकत नाही. पुढे आठ वर्षे आम्ही भेटत-बोलत होतो. त्यांनी तो विषय काढला नाही, आणि माझ्यापाशी काढण्यासारखा विषय आहे हेच मला ठाऊक नव्हते.

पान आता माझ्याकडे आहे. शेजारचा मुलगा गेल्यावर त्या रात्री मी ते काढले आणि कागद-पेन्सिल घेऊन तात्यांचीच बेरीज पुन्हा करावयास बसलो. ऑगस्टचे पहिले सतरा दिवस. दोन फुल्या, त्या दिवशी गवळी आला नव्हता. बारा दिवस एकेक शेर, दोन दिवस दीड-दीड. झाले पंधरा शेर. राहिली नऊ तारीख. भिंग लावून पाहिले, पान तिरपे धरून पाहिले. एक शेर घेतले होते की दीड, ते काही लागत नाही.